रक्ताला जात नसते : डॉ. चार्ल्स ड्रू यांचे जीवन आणि आपण

(विहाराच्या वर्धापन दिनी, रक्तदान शिबिराच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)

 

आम्ही गिरणी कामगार माणूस. शाळा नववीला सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या सभांत, वाचनालयाच्या बाकावर आणि या विहारात बसून. त्यामुळे व्याख्यान वगैरे आम्हाला जमत नाही. पण आज समितीने बोला म्हटलं तेव्हा आम्ही लगेच हो म्हटलं. कारण गेल्या वर्षी याच जागेवर उभं राहून आम्ही एक चुकीची गोष्ट सांगितली होती. ती दुरुस्त केल्याशिवाय आम्हाला चैन पडणार नाही.

गेल्या वर्षी काय झालं, ते पुष्कळांना आठवत असेल. आम्ही सांगितलं होतं की अमेरिकेत डॉ. चार्ल्स ड्रू नावाचा एक काळा डॉक्टर होऊन गेला. त्याने रक्तपेढ्या उभारल्या. पण त्याचाच अपघात झाला तेव्हा गोऱ्यांच्या दवाखान्याने त्याला दारातून परत पाठवलं आणि तो रक्त न मिळाल्यामुळे मेला. आम्ही हे जोरात सांगितलं. टाळ्या पडल्या. तरुण पोरं चिडली. त्याच भरात आम्ही समितीच्या बैठकीत एक सूचना मांडली, की आपल्या शिबिरात जमलेलं रक्त आपल्याच माणसांसाठी राखून ठेवावं, तसं रक्तपेढीकडून लेखी घ्यावं. चार-पाच जणांनी अनुमोदनही दिलं.

बैठक सुटल्यावर आपल्याच वस्तीतली एक मुलगी, नर्सिंगचं शिक्षण घेते, आमच्याजवळ आली. म्हणाली, "काका, तुम्ही सांगितलेली गोष्ट खरी नाही. ड्रू सरांना गोऱ्यांच्या दवाखान्यात घेतलं होतं." आम्हाला राग आला. पोरगी आपल्याला शिकवते म्हणून आला, हे कबूल करतो. पण तिने पुस्तक आणून दिलं. इंग्रजी आम्हाला वाचता येत नाही, म्हणून तिने आणि तिच्या मैत्रिणीने आठ-दहा संध्याकाळी इथंच पायरीवर बसून आम्हाला मराठीत समजावून सांगितलं. आज जे सांगतो ते त्या अभ्यासातून.

चार्ल्स ड्रू यांचा जन्म ३ जून १९०४ रोजी अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन शहरात झाला. वडील घरोघरी जाऊन गालिचे बसवण्याचं काम करीत. हातावर पोट असलेला कारागीर माणूस. पण ते आपल्या धंद्याच्या युनियनचे हिशेब-सचिव होते आणि त्या युनियनमध्ये गोरा नसलेला सभासद तेवढे ते एकटेच. हे ऐकलं तेव्हा आम्हाला फार जवळचं वाटलं. आई शिकलेली होती. चार्ल्स लहानपणी भावांबरोबर वर्तमानपत्रं विकायचा. १९२० साली फ्लूच्या साथीत त्याची बहीण गेली, तिला आधीच क्षय होता. घरात डोळ्यांसमोर गेलेलं माणूस विसरता येत नाही, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको.

मुलगा खेळात असा तयार, की शाळेतल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक त्याला मिळालं. खेळाच्या जोरावरच १९२२ साली ॲमहर्स्ट नावाच्या कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली. शेकडो गोऱ्या मुलांत काळी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिथला फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे बरं का. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर पडून पाडायचं, आपल्या कबड्डीसारखी झटापट. त्यात आणि अडथळ्यांच्या शर्यतीत ड्रू यांनी नाव काढलं. धावपटूंच्या संघाचे ते कप्तान झाले, चषक मिळाले. पण फुटबॉलच्या कप्तानपदाची वेळ आली तेव्हा रंग आडवा आला. संघ बाहेरगावी गेला की हॉटेलात काळ्या खेळाडूंना जेवायला बसू देत नसत. मैदानावर जिंकून द्यायला तू चालतोस, पंगतीला चालत नाहीस. हा न्याय आपल्या आजोबा-पणजोबांच्या ओळखीचा आहे.

एकदा खेळताना पायाला जबर मार लागला आणि दवाखान्यात राहावं लागलं. तिथं डॉक्टरांचं काम जवळून पाहिलं आणि मनाने घेतलं की आपण डॉक्टर व्हायचं.

तरुण मित्रांनो, इथं नीट ऐका. कॉलेज सुटलं तेव्हा ड्रू बावीस वर्षांचे होते आणि मेडिकलला जायला खिशात पैसे नव्हते. रडत बसले नाहीत. बाल्टिमोर शहरातल्या मॉर्गन कॉलेजात दोन वर्षं खेळाचे प्रशिक्षक म्हणून आणि जीवशास्त्र-रसायनशास्त्राचे शिक्षक म्हणून नोकरी केली. पै-पै साठवली. मग वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात अर्ज केला. हे काळ्या मुलांचंच विद्यापीठ. पण त्यांनीसुद्धा इंग्रजीचे गुण कमी म्हणून घेतलं नाही. तेव्हा हा गडी देश सोडून कॅनडात माँट्रियलला गेला, मॅकगिल विद्यापीठात. तिथंही धावण्याच्या संघाचा कप्तान झाला आणि १९३३ साली १३७ विद्यार्थ्यांच्या वर्गात दुसरा येऊन डॉक्टर झाला. खेळतो म्हणून अभ्यास होत नाही, असं आमच्याकडची पोरं म्हणतात. त्यांनी हा आकडा घरी लिहून ठेवावा.

वडील वारल्यावर १९३५ साली ते वॉशिंग्टनला परतले आणि ज्या हॉवर्डने पूर्वी नाकारलं होतं तिथंच शिकवू लागले. तिथून १९३८ साली अधिक शिक्षणासाठी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. कोलंबिया म्हटल्यावर तुमचे कान टवकारले ना? बाबासाहेब तिथं १९१३ ते १९१६ या काळात शिकले. दोघांत बावीस वर्षांचं अंतर, त्यामुळे विद्यार्थी म्हणून त्यांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. पण एकाला इथं गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं आणि दुसऱ्याला तिथं हॉटेलात जेवण, आणि दोघांनीही त्याच विद्यापीठात मोठा प्रबंध लिहिला. आपलं आणि त्या लोकांचं नातं पुढेही राहिलं. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे पुढारी विद्वान डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. १९७२ साली आपल्या मुंबईत दलित पँथर निघाली, तिचं नावही अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं.

ड्रू यांच्या प्रबंधाचा विषय होता साठवलेलं रक्त. त्या काळी रक्त फार दिवस टिकत नसे. डॉक्टरांच्या या पाहुण्या मंडळींसमोर आम्ही काय सांगणार, पण आम्हाला समजलं तेवढं सांगतो. रक्त एका जागी शांत ठेवलं की खाली लाल पेशी बसतात आणि वर पिवळसर पाणी येतं. त्याला प्लाझ्मा म्हणतात. रक्तात निम्म्याहून जास्त तेच असतं. ते वेगळं काढलं तर पुष्कळ जास्त टिकतं, लांब पाठवता येतं, आणि लढाईत रक्त वाहून गेलेल्या माणसाला गट तपासत न बसता देता येतं. प्लाझ्मा काही ड्रू यांनी शोधला नाही. तसं सांगणारेही पुष्कळ आहेत, तेही चूक. त्यांनी केलं ते असं, की रक्त कसं घ्यावं, कसं तपासावं, कशात ठेवावं, किती दिवसांनी फेकून द्यावं, याचा सगळा शास्त्रशुद्ध हिशेब मांडला. १९४० साली कोलंबियाने त्यांना वैद्यकातली डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. त्याच साली पहिली मुलगी झाली, तिला घरात 'बीबी' म्हणू लागले. बीबी म्हणजे ब्लड बँक! बाप कामात किती बुडाला होता ते यावरून कळावं.

दुसरं महायुद्ध सुरू होतं. इंग्लंडवर बॉम्ब पडत होते. १९४० साली न्यूयॉर्कमध्ये इंग्लंडसाठी प्लाझ्मा जमवण्याची मोहीम निघाली. प्रत्येक दवाखाना आपापल्या पद्धतीने काम करी, त्यात माल नासायचा. ड्रू यांना प्रमुख नेमलं. त्यांनी सगळीकडे एकच शिस्त लावली. जानेवारी १९४१ पर्यंत साडेचौदा हजार लोकांनी रक्त दिलं आणि पाच हजार लिटरच्या वर प्लाझ्मा समुद्रापार गेला. नंतर रेडक्रॉसने आपल्या देशाच्या फौजेसाठी तेच काम सुरू केलं, त्यातही ड्रू यांनी पाया घालून दिला. रक्त गोळा करायला फिरत्या गाड्या निघाल्या. आज आपल्या विहारासमोर जी गाडी उभी आहे ना, तिची वंशावळ तिथपर्यंत जाते.

आणि मग बघा माणसाची रीत. १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं, की काळ्या माणसाचं रक्त घेणार नाही. ज्या माणसाने ही व्यवस्था बसवली, त्याचंच रक्त त्या व्यवस्थेत चालणार नाही! ओरड झाली तेव्हा जानेवारी १९४२ पासून घेऊ लागले, पण वेगळं ठेवू लागले. बाटलीवर खूण. गोऱ्या शिपायाला गोऱ्याचं, काळ्याला काळ्याचं. ड्रू यांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं, की काळ्या-गोऱ्याच्या रक्तात फरक आहे याला विज्ञानात काडीचा आधार नाही. फरक असतो तो गटांचा. ते गट लँडस्टायनर नावाच्या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिले होते आणि ते सगळ्या वर्णांत सापडतात. तरी रेडक्रॉसने ही खूण १९५० साली काढली, आणि लुइझियाना राज्यात तर असा कायदा १९७२ पर्यंत होता.

मंडळी, आपण गिरणीवाल्यांनी याला हसू नये. आपल्या मुंबईच्या गिरण्यांत काय होतं? विणकाम खात्यात पगार जास्त, पण अस्पृश्य कामगाराला तिथं प्रवेश नाही. का? तर धोट्यात नवी कांडी भरली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. महाराच्या तोंडाला लागलेला धोटा दुसरा कसा तोंडात धरणार? म्हणून आपली माणसं कमी पगाराच्या त्रासन खात्यात. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला, की कामगारांची एकजूट म्हणता, मग विणकाम खातं आमच्या माणसांना खुलं करण्याची मागणी का धरत नाही? तिथं रक्ताची बाटली, इथं धोटा. थुंकी बाटते, पाणी बाटतं, रक्त बाटतं. ज्याला माणूस वेगळा ठेवायचाच आहे त्याला निमित्त कुठलंही पुरतं.

आमचाही एक अनुभव सांगतो. तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट, आम्ही तेव्हा बदलीवर होतो. खात्यातला एक सोबती मशीनमध्ये हात सापडून जखमी झाला. आम्ही तिघे-चौघे पाळी सुटल्याबरोबर एका दवाखान्यात धावलो. आमचा गट जुळला. तेवढ्यात त्याच्या एका वयस्क नातेवाईकाने आमचं आडनाव विचारलं. सांगितलं. ते गप्प झाले, आत गेले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "राहू द्या, आमचा माणूस येतोय." आमची बाही वर केलेली तशीच. सोबती वाचला, ते बरं झालं. पुढे पाच-सहा वर्षं त्याने आमच्या डब्यातलं सुकट-भाकर खाल्लं, मोठ्या मनाचा माणूस. त्याला ही गोष्ट ठाऊक नाही, आम्ही कधी सांगितली नाही. पण ती बाही आम्ही विसरलो नाही. गेल्या वर्षी ती सूचना मांडली ती आम्ही नाही, त्या बाहीने मांडली.

आता ड्रू यांचं पुढचं ऐका, कारण आमची चूक इथंच होती. अपमान झाला म्हणून त्यांनी रेडक्रॉसचा राजीनामा दिला असंही सांगतात. तसं नाही. काळ्यांचं रक्त न घेण्याचं जाहीर व्हायच्या आधीच, एप्रिल १९४१ मध्ये, ते हॉवर्डला परत गेले होते. नाव झालं होतं, मोठ्या जागा मिळवता आल्या असत्या. पण त्यांना काळे सर्जन घडवायचे होते. फ्रीडमेन्स हॉस्पिटल, म्हणजे गुलामीतून सुटलेल्या लोकांसाठी निघालेला दवाखाना, तिथं ते मुख्य सर्जन झाले. नऊ वर्षं पोरं तयार केली. त्या काळात शस्त्रक्रियेच्या राष्ट्रीय मंडळाची परीक्षा पास झालेल्या काळ्या सर्जनांपैकी निम्म्याहून जास्त त्यांच्या हाताखाली शिकलेले. डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेची स्थानिक शाखा काळ्यांना सभासद करून घेत नसे, त्याविरुद्ध ते पत्रं लिहून भांडत राहिले. त्यांच्या हयातीत ते दार उघडलं नाही.

आणि दरवर्षी आणखी एक काम. दक्षिणेत अलाबामा राज्यात टस्कीगी गाव आहे. तिथं वर्षातून एकदा गरीब काळ्या लोकांसाठी मोफत दवाखान्याचं शिबिर भरे. ड्रू तिथं जाऊन रुग्ण तपासत, शस्त्रक्रिया करत, स्थानिक डॉक्टरांना शिकवत. मार्च १९५० च्या शेवटच्या रात्रीही असंच झालं. दिवसभर काम, रात्री उशिरापर्यंत कार्यक्रम, आणि मध्यरात्रीनंतर तीन डॉक्टरांना बरोबर घेऊन मोटारीने निघाले. हजार किलोमीटरपेक्षा लांबचा रस्ता. १ एप्रिलच्या सकाळी नॉर्थ कॅरोलायना राज्यात बर्लिंग्टनजवळ गाडी चालवताना त्यांना डुलकी लागली. गाडी उलटली.

त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. दवाखाना गोऱ्यांचा होता. तिथल्या गोऱ्या डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं आणि वाचवण्याची शिकस्त केली. दुखापत फार जबर होती, इलाज चालला नाही. वय पंचेचाळीस. गाडीतल्या सोबत्यानेच पुढे जन्मभर सांगितलं, की त्यांना उपचार मिळाले होते. तरी उलटी गोष्टच देशभर पसरली. स्पेन्सी लव्ह या लेखिकेने १९९६ साली 'वन ब्लड' या पुस्तकात हे सगळं तपासून लिहिलं आहे.

मग ती खोटी गोष्ट लोकांनी खरी का मानली? त्याचंही उत्तर त्याच पुस्तकात आहे. त्याच साली डिसेंबरात, त्याच भागात, एका काळ्या तरुण विद्यार्थ्याचा अपघात झाला. त्याला एका मोठ्या दवाखान्यात नेलं, तर काळ्यांसाठीच्या खाटा भरल्या आहेत म्हणून परत पाठवलं. तो गेला. त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. लोकांनी त्याचं मरण ड्रू यांच्या नावावर सांगितलं. म्हणजे गोष्ट खोटी, पण दुःख खरं होतं.

म्हणून कुणी म्हणेल, की दुःख खरं आहे ना, मग गोष्ट सांगितली तर बिघडलं काय? बिघडतं. कालाम सुत्तात तथागतांनी काय सांगितलं? ऐकीव आहे, परंपरेने आलंय, मोठा माणूस सांगतो, म्हणून मानू नका, तपासून घ्या. आम्ही तपासलं नाही. आणि त्या खोट्या गोष्टीच्या जोरावर आम्ही काय मागितलं? तर बाटलीवर खूण. आपलं रक्त आपल्याला. अहो, ड्रू ज्या खुणेविरुद्ध बोलले, तीच खूण आम्ही विहारात बसून मागत होतो! रक्तपेढीला तसं वेगळं ठेवता येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंच. पण ठेवता आलं असतं तरी ते आपल्याला शोभलं नसतं. वासेट्ठ सुत्तात भगवंतांनी सांगितलं आहे, की झाडा-पाखरांत जाती वेगळ्या ओळखू येतात, माणसांत तशी खूण नाही. आणि अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला त्यांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतः धुतलं, तेव्हा त्याचं कूळ विचारलं नाही.

तेव्हा आमची गेल्या वर्षीची सूचना आम्ही आज सगळ्यांसमोर मागे घेतो. समितीने इतिवृत्तात तशी नोंद करावी.

आता कामाचं बोलू. अठरा ते पासष्ट वयाचा, पंचेचाळीस किलोच्या वर वजनाचा निरोगी माणूस रक्त देऊ शकतो. अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं, घेतात ते साडेतीनशे मिलिलिटर. पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, पेशी काही आठवड्यांत. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. ज्या मायबहिणींना हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवतील त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, तिथंच सिस्टरकडून इलाज विचारून घ्यावा. पूर्वी गरिबाने रक्त विकायचं आणि पैसेवाल्याने विकत घ्यायचं असा धंदा चाले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून तो बंद झाला. तेव्हापासून देशाचं रक्त तुमच्या-आमच्या दानावरच चालतं.

आणि कबड्डीच्या संघातल्या पोरांनो, दाराशी उभे राहून हसू नका. रक्त दिलं की ताकद जाते म्हणता. आज द्या, आज-उद्या खेळू नका, भरपूर पाणी प्या, मग पुन्हा मैदानात या. ड्रू तुमच्यासारखाच खेळाडू होता. कारागिराचा मुलगा होता. तुमच्यातला एक तरी पुढे डॉक्टर व्हावा, आणि झाल्यावर वर्षातून एकदा तरी या विहाराच्या ओसरीवर बसून फुकट रुग्ण तपासावेत, एवढं मागणं आहे. ती नर्सिंगची मुलगी आज त्या टेबलापाशी उभी आहे. नोंदणी तिच्याकडे करा.

पहिलं नाव आमचं लिहिलंय. गट बी पॉझिटिव्ह. आडनाव तिथं कुणी विचारलं तर कागदापुरतं सांगू. पिशवीवर ते लिहीत नाहीत. कुणाच्या अंगात जाईल ते आम्हाला कळणार नाही, आणि त्याला आमचं कळणार नाही. तसंच राहू द्या.

नमो बुद्धाय! जयभीम!